आधुनिक नॉर्डिक रेस्टॉरंटमधील जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, आइसलँड आणि आसपासच्या बेटांवरील 'नव्या नॉर्डिक' रेस्टॉरंटांबद्दल वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दोन विषय एकमेकांत गुंतले आहेत, तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरणे मुख्यतः कोपनहेगनची आहेत, कारण या चळवळीचे मूळ तिथे आहे.

१. आधुनिक नॉर्डिक जेवण म्हणजे नक्की काय? तिथल्या पारंपरिक जेवणापेक्षा ते वेगळे कसे?

राय धान्याचा काळपट पाव, खारवलेले हेरिंग मासे, बटाटे, डुकराचे मांस, दुधाचे आंबवलेले पदार्थ आणि हिवाळ्यासाठी मुरवून ठेवलेल्या भाज्या हे डेन्मार्कचे जुने घरगुती जेवण. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या देशातील महागड्या रेस्टॉरंटांत मात्र या पदार्थांना फारसे स्थान नव्हते. तिथे फ्रेंच पद्धतीचा स्वयंपाक चाले आणि ऑलिव्ह तेल, टोमॅटो, लिंबे दक्षिण युरोपातून येत. २००३ मध्ये रेने रेझेपी आणि क्लाउस मायर यांनी कोपनहेगनच्या क्रिस्टियान्सहाव्न भागातील एका जुन्या गोदामात 'नोमा' सुरू केले. केवळ उत्तरेकडे पिकणाऱ्या, रानात उगवणाऱ्या आणि तिथल्या समुद्रात सापडणाऱ्या जिनसांवर उच्च दर्जाचे जेवण उभे राहू शकते का, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. पुढे २०१०, २०११, २०१२, २०१४ आणि २०२१ अशा पाच वर्षी नोमाला जगातील सर्वोत्तम ५० रेस्टॉरंटांच्या यादीत पहिले स्थान मिळाले, आणि तोवर ही पद्धत एका रेस्टॉरंटची राहिली नव्हती.

पारंपरिक जेवणाशी या पद्धतीचे नाते जिनसांचे आणि टिकवण्याच्या तंत्रांचे आहे. खारवणे, वाळवणे, धुरी देणे, आंबवणे ही तंत्रे जुनीच आहेत. ती कशावर वापरायची आणि ताटात काय शेजारी ठेवायचे, हे नव्याने ठरवले गेले.

२. या चळवळीचा जाहीरनामा आहे असे वाचले. त्यात काय लिहिले आहे?

२००४ मध्ये कोपनहेगनमध्ये नॉर्डिक प्रदेशातील बारा शेफ एकत्र आले आणि त्यांनी दहा कलमांच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्या प्रदेशाची शुद्धता, ताजेपणा, साधेपणा आणि नीतिमत्ता अन्नातून व्यक्त व्हावी, ताटात ऋतू दिसावा, तिथल्या हवेत, जमिनीत आणि पाण्यात जे विशेष चांगले होते त्यावर स्वयंपाक आधारलेला असावा, चव आणि आरोग्य यांचा मेळ घालावा, प्राण्यांना नीट वागवले जावे, अशी त्याची मुख्य सूत्रे आहेत. पुढच्याच वर्षी नॉर्डिक देशांच्या मंत्रिपरिषदेने ही भूमिका उचलून धरली आणि तिला सरकारी पाठबळ मिळाले.

या जाहीरनाम्यातील एका कलमाकडे सहसा दुर्लक्ष होते. उत्तरेच्या उत्तम स्वयंपाकाला बाहेरून आलेल्या प्रेरणांची जोड द्यावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे एखाद्या नॉर्डिक ताटात जपानी पद्धतीने कोजी बुरशी चढवलेले जव आढळले, तर तो नियमभंग ठरत नाही.

३. 'स्थानिक' म्हणजे किती जवळचे? कॉफी, चॉकलेट आणि वाइन तर तिथे पिकतच नाही.

हा प्रश्न प्रत्येक पाहुण्याने विचारावा असा आहे. बहुतेक ठिकाणी स्थानिक या शब्दाचा अर्थ 'नॉर्डिक प्रदेशातील' असा घेतला जातो आणि हा प्रदेश फार मोठा आहे. कोपनहेगनमधील ताटात आलेले लँगुस्तीन (कोळंबीसारखा कवचाचा जलचर) उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांजवळच्या थंड पाण्यातून आले असेल, तर त्याने सुमारे १,३०० किलोमीटरचा प्रवास केलेला असतो. कॉफी, वाइन आणि अनेकदा चॉकलेट ही उघड उघड आयात असते आणि तो अपवाद सगळ्यांनी मान्य केलेला आहे. ऑलिव्ह तेलाऐवजी रेपसीडचे तेल आणि लिंबाऐवजी व्हिनेगर किंवा आंबट फळे, ही सुरुवातीच्या काळातील शिस्तही पुढे अनेक स्वयंपाकघरांनी थोडी सैल केली.

काही ठिकाणे याबाबत अतिशय काटेकोर असतात. बाल्टिक समुद्रातील बोर्नहोम बेटावरच्या 'कादो' या रेस्टॉरंटने आपली ओळखच त्या बेटावर उगवणाऱ्या वस्तूंवर उभी केली, आणि कोपनहेगनमधील शाखेतही बेटावर मुरवलेल्या जिनसा येतात. त्यामुळे टेबलाशी आलेल्या व्यक्तीला "हे कुठून आले?" असे मोकळेपणाने विचारावे. जिथे शेताचे, बेटाचे किंवा किनाऱ्याचे नाव लगेच मिळते, तिथे स्थानिकतेच्या दाव्याला अर्थ असतो. उत्तर गोलमोल आले, तर मेनूवरील तो शब्द सजावटीपुरता आहे असे समजण्यास हरकत नाही.

डेन्मार्कमध्ये रेस्टॉरंटच्या दारावर सेंद्रिय जिनसांचे सरकारी चिन्हही दिसते. ३० ते ६० टक्के जिनसा सेंद्रिय असल्यास कांस्य, ६० ते ९० टक्क्यांना रौप्य आणि ९० टक्क्यांच्या वर सुवर्ण, अशी त्याची श्रेणी आहे. हे चिन्ह सेंद्रिय असल्याचे सांगते, स्थानिक असल्याचे नाही. सुवर्णचिन्ह असलेल्या स्वयंपाकघरातील लिंबू इटलीतूनही आलेले असू शकते.

४. लिंबू नाही, टोमॅटो नाही, मिरची नाही. मग चव कशाची असते? आपल्या जिभेला ते जेवण सपक लागणार नाही का?

तिखट आणि भाजलेल्या मसाल्यांची अपेक्षा ठेवून गेल्यास पहिले दोन-तीन पदार्थ फिके वाटू शकतात, हे खरे आहे. परंतु या स्वयंपाकाचा कणा आंबटपणा आहे आणि तो आपल्या जिभेला ओळखीचा आहे. रुबार्बचे आंबट देठ, कच्च्या हिरव्या बेरी, सफरचंदाचे व्हिनेगर, ताक आणि आंबवलेल्या भाज्यांचे पाणी यांतून तो येतो. आंबुटीच्या कुळातले रानातील नाजूक पानही वापरले जाते. सी बकथॉर्न हे नारिंगी रंगाचे, काटेरी झुडपावर येणारे फळ लिंबापेक्षाही झणझणीत आंबट लागते. लडाखमध्ये लेह बेरी म्हणून जे विकले जाते, ते हेच.

दुसरी बाजू खारट आणि खोल चवीची आहे. त्यासाठी गारुम हे मुरवलेले द्रव वापरतात. जुन्या रोमन स्वयंपाकात ते माशांपासून करत; नोमाच्या प्रयोगशाळेत मांस, मशरूम आणि इतर कशाकशापासून ते करून पाहिले गेले. त्याचे चार थेंब भाजलेल्या कोबीच्या पानावर पडले, तर त्या पानाला रश्श्यासारखी जडशीळ चव येते. झणझणीतपणा हवा तिथे हॉर्सरॅडिश या तिखट मुळाचा कीस आणि मोहरी असते, आणि धुराचा वास अनेक पदार्थांत असतो. सुगंधासाठी शेपू सर्वत्र दिसतो. आपल्याकडे मुगाच्या डाळीबरोबर परतली जाणारी ही भाजी तिथे माशांवर, बटाट्यांवर, तेलात गाळून हिरव्यागार थेंबांच्या रूपात येते, आणि ज्यांना घरी शेपूचा वास सोसत नाही त्यांनी हे आधीच लक्षात घेतलेले बरे. वेलदोडाही तिथे परका नाही. स्वीडिश गोड पावात तो भरपूर असतो.

५. मुंग्या आणि शेवाळ खरोखरच वाढतात का? नको असल्यास काय करावे?

होय, काही ठिकाणी वाढले गेले आहे, आणि ते केवळ धक्का देण्यासाठी नव्हते. तिथल्या रानमुंग्यांमध्ये असलेल्या आम्लामुळे त्या लिंबासारख्या आंबट लागतात, आणि लिंबाशिवाय आंबटपणा शोधणाऱ्या स्वयंपाकघराला त्यांचा उपयोग दिसला. बस्तरची चापडा चटणी ज्यांनी चाखली आहे, त्यांना यात विशेष नवल वाटणार नाही. ज्याला रेनडियर मॉस म्हणतात, ते शेवाळ नसून दगडफूल-वर्गातील लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची जोडी, आहे. नोमाच्या गाजलेल्या पदार्थांपैकी एकात ते स्वच्छ करून, कुरकुरीत तळून, वर मशरूमची पूड भुरभुरून देत असत. गोड्या मसाल्यात दगडफूल घालणाऱ्या मराठी घरांत याच वर्गातील वस्तू पिढ्यान् पिढ्या खाल्ली जाते.

कीटक नको असल्यास बुकिंग करतानाच तसे लिहावे. बहुसंख्य नॉर्डिक रेस्टॉरंटांच्या मेनूवर कीटक नसतातच. ज्यांच्याकडे असतात, ते एक पदार्थ बदलून देतात.

६. कोणत्या महिन्यात जावे?

या प्रकारच्या जेवणात रेस्टॉरंटच्या निवडीइतकेच महत्त्व महिन्याच्या निवडीला आहे, किंबहुना अधिकच. कोपनहेगन ५५ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर आहे. जूनमध्ये तिथे सतरा तासांहून अधिक उजेड असतो आणि डिसेंबरमध्ये जेमतेम सात तास. जमिनीतून काय येते हे त्या उजेडावर ठरते, त्यामुळे मे आणि नोव्हेंबर या महिन्यांत एकाच टेबलावर मिळणाऱ्या जेवणात फारसे काही सामाईक नसते.

मार्च-एप्रिलमध्ये रानलसणाची पाने येतात आणि सगळे शहर हिरवे खाऊ लागते. मे-जूनमध्ये शतावरी, रुबार्ब, स्प्रूस वृक्षाचे कोवळे, लिंबट वासाचे शेंडे आणि नवे बटाटे येतात. सामसो बेटावरच्या पहिल्या बटाट्यांची तिथे आतुरतेने वाट पाहिली जाते. जुलै-ऑगस्ट हा वाटाणे, फुले आणि बेरींचा काळ. सप्टेंबर ते नोव्हेंबर मशरूम, सफरचंदे आणि शिकारीचे मांस यांचा. हिवाळ्यात जमीन थंडावते, पण समुद्र थंड असताना कालवे, शिंपले आणि मासे सर्वांत चांगले असतात, आणि जानेवारीपासून लंपफिश माशाची गुलाबी गाभोळी बाजारात येते. नोमाने २०१८ मध्ये नव्या जागेत गेल्यावर वर्षाचे तीनच भाग केले, ते याच तर्काने: थंडीत समुद्र, उन्हाळ्यात भाजीपाला, शरदात रान आणि शिकार.

शाकाहारी वाचकांनी जूनचा शेवट ते सप्टेंबर हा काळ निवडावा. मासेप्रेमींना फेब्रुवारी उत्तम. ज्यांना आंबवण्याची कला समजून घ्यायची आहे, त्यांनी मार्चच्या सुरुवातीला जावे, कारण तेव्हा शेतात काहीच नसते आणि स्वयंपाकघराला वर्षभर बरण्यांत साठवलेल्या गोष्टींवरच जेवण उभे करावे लागते. मला स्वतःला हा काळ सर्वांत मोलाचा वाटतो. उन्हाळ्यात चांगले जेवण देणे त्या मानाने सोपे आहे.

एक व्यावहारिक सूचना: जुलैमध्ये आणि नाताळ ते नववर्षाच्या दरम्यान अनेक रेस्टॉरंटे काही आठवडे बंद असतात, आणि रविवार-सोमवारची सुट्टीही सर्रास असते. विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी हे तपासावे.

७. टेबल कसे मिळते? किती आधी प्रयत्न करावा?

नावाजलेल्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी पुढच्या काही महिन्यांची बुकिंग एकदम खुली होते आणि काही मिनिटांत संपते. ही तारीख रेस्टॉरंटच्या संकेतस्थळावर आधी जाहीर होते. वेळ डेन्मार्कची असते. भारतीय घड्याळ हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असते, हे विसरू नये. नाटकाच्या तिकिटाप्रमाणे पूर्ण रक्कम आगाऊ भरावी लागते आणि ती सहसा परत मिळत नाही, मात्र अनेक ठिकाणी टेबल दुसऱ्याच्या नावावर करता येते. जागा न मिळाल्यास प्रतीक्षायादीत नाव नोंदवावे. दोघांसाठीचे टेबल चौघांपेक्षा लवकर मिळते, आणि दुपारच्या जेवणाकडे लोकांचे लक्ष कमी असते. मध्यम दर्जाच्या चांगल्या ठिकाणी एक-दोन आठवडे आधी प्रयत्न केला तरी पुरते.

आगाऊ पैसे भरण्यापूर्वी प्रश्न २२ अवश्य वाचावा.

८. खर्च किती येतो? टिप द्यावी लागते का?

'मिशेलिन' या रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मार्गदर्शिकेचे सर्वोच्च, म्हणजे तीन तारे असलेल्या ठिकाणी एका व्यक्तीचा केवळ जेवणाचा मेनू साधारण ४,००० डॅनिश क्रोनरच्या आगेमागे असतो. एक क्रोन १२ ते १४ रुपयांचा धरला, तर ही रक्कम ५० हजार रुपयांच्या घरात जाते, आणि वाइनची जोडी घेतल्यास तीत निम्म्याहून अधिक भर पडू शकते. युरोत हिशेब करणाऱ्यांसाठी सोपे सूत्र असे की क्रोन युरोशी बांधलेला आहे आणि एका युरोला सुमारे ७.४६ क्रोन हा दर जवळपास स्थिर राहतो. मध्यम दर्जाच्या रेस्टॉरंटांत तीन ते पाच पदार्थांचा ठरावीक मेनू साधारण ४०० ते ७०० क्रोनरला मिळतो.

मेनूवर छापलेल्या किमतीत २५ टक्के विक्रीकर आणि सेवाशुल्क आलेले असते. टिप देण्याची सक्ती नाही. न दिल्यास कोणी वाईट मानत नाही.

९. एवढा खर्च परवडत नाही. तरीही या पद्धतीची ओळख करून घेता येईल का?

निश्चित येईल, आणि सुरुवात इथूनच करावी असा आमचा आग्रह आहे. राय पावाच्या पातळ कापावर लोणी, त्यावर हेरिंग, अंडे-कोळंबी किंवा बटाटे आणि वर कुरकुरीत कांदा व शेपू असे रचलेले स्मोरब्रोड हे डेन्मार्कचे दुपारचे जेवण आहे. 'आमान्स'सारख्या ठिकाणांनी ते नव्या काळजीने करायला घेतले. दोन नग खाल्ले की पोट भरते.

दुसरी जागा म्हणजे बेकऱ्या. गेल्या काही वर्षांत जुन्या जातींच्या धान्यांचे आंबवलेले पाव करणाऱ्या बेकऱ्या कोपनहेगनमध्ये गल्लोगल्ली निघाल्या आहेत. २०१८ मध्ये सुरू झालेली 'हार्ट बेगेरी' त्यांतली एक. तिसरे, २०११ मध्ये येगर्सबोर्गगाडे या रस्त्यावर सुरू झालेले 'ग्रोड'. इथे ओट्स, जव आणि राय यांची पेज हाच मेनूचा गाभा आहे, आणि सकाळी थोड्या पैशांत उत्तरेच्या धान्यांची खरी चव कळते. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'टोर्वेहॅलर्न' या बाजारात हंगामाच्या भाज्या, चीज आणि मासे मांडलेले दिसतात. मोठ्या रेस्टॉरंटात जाण्याच्या आदल्या दिवशी या बाजारातून एक फेरी मारली, तर दुसऱ्या दिवशी ताटात काय येते आहे हे अधिक चांगले उमगते.

१०. प्रत्यक्ष टेबलावर काय घडते? किती वेळ लागतो, कपडे कसे असावेत, हाताने खाल्ले तर चालते का?

मोठ्या ठिकाणी निवडीचा मेनू नसतो; १५ ते २० छोटे पदार्थ एकामागून एक येतात आणि त्याला तीन ते चार तास लागतात. नोमात पाहुणा दारातून आत आला की स्वयंपाकघरातील मंडळी पुढे येऊन एकत्र स्वागत करीत, आणि पदार्थ ज्याने केला तोच टेबलाशी आणून देई. ही पद्धत पुढे इतरांनीही उचलली. सुरुवातीचे अनेक घास हातानेच खायचे असतात आणि वाढणारी व्यक्ती तसे सांगते. कपड्यांचे बंधन जवळजवळ कुठेच नाही. छायाचित्रे घेता येतात, फ्लॅश टाळावा. वेळेवर पोहोचणे मात्र अत्यावश्यक आहे, कारण स्वयंपाकघराचे सगळे वेळापत्रक त्यावर चालते.

११. आम्ही शाकाहारी आहोत. जावे का?

जावे, पण तीन गोष्टी आधी पक्क्या करून. पहिली, त्या ठिकाणी पूर्ण शाकाहारी मेनू मिळतो का, हे बुकिंगपूर्वी विचारावे. काही रेस्टॉरंटे तो आनंदाने करतात, काही स्पष्ट नकार देतात. दुसरी, 'मांस नाही' आणि 'शाकाहारी' यांत फरक आहे. फुटबॉलच्या पार्केन स्टेडियमच्या आठव्या मजल्यावरील 'जेरानियम'ने जानेवारी २०२२ पासून मांस बंद केले, परंतु मासे आणि शिंपले तिथे वाढले जातात. तिसरी, लपलेल्या वस्तू. माशांपासून केलेले गारुम, कोंबडीच्या किंवा हाडांच्या अर्काचा रस्सा, जिलेटिन, प्राणिज रेनेट (दूध घट्ट करणारे द्रव्य) वापरलेले चीज आणि चरबी हे सारे भाजीच्या पदार्थातही असू शकते. अंडे तिथे शाकाहारातच धरतात.

म्हणून केवळ 'शाकाहारी' असे न लिहिता सविस्तर यादी द्यावी: मांस, मासे, शिंपले, त्यांचे रस्से व आंबवलेली द्रवे, जिलेटिन, प्राणिज रेनेट, आणि लागू असल्यास अंडे. अशी नेमकी यादी तिथल्या स्वयंपाकघरांना मनापासून आवडते, कारण त्यातून त्यांना काम करता येते. चांगल्या स्वयंपाकघरात भाजी ही मांसाची बदली म्हणून येत नाही. नोमाच्या २०१८ च्या उन्हाळी मेनूत सेलरीच्या कंदाचे पातळ काप एकावर एक रचून शावर्मासारखे भाजले होते, आणि तोच त्या हंगामाचा सर्वाधिक चर्चेचा पदार्थ ठरला.

१२. जैन जेवण, कांदा-लसणाशिवाय जेवण किंवा उपवासाचे जेवण मिळेल का?

कांदा-लसूण टाळणे बऱ्याच ठिकाणी शक्य आहे, मात्र वसंतात जवळजवळ प्रत्येक ताटात रानलसूण असतो, म्हणून 'कांदा-लसणाच्या कुळातील सर्व वनस्पती' असे लिहावे. जैन पद्धतीचे जेवण या शैलीत जमवणे खरोखर अवघड आहे. गाजर, बीट, बटाटा, सेलरीचा कंद ही कंदमुळे हिवाळी स्वयंपाकाचा पाया आहेत, आणि उरलेला भार आंबवलेल्या पदार्थांवर, मशरूमवर व मधावर असतो. ही सगळी अट घातली तर स्वयंपाकघराच्या हाती फारच थोडे उरते आणि पाहुण्याला त्याच्या पैशांचे मोल मिळत नाही. त्या पाहुण्यांनी उन्हाळ्यातील बाजार आणि प्रश्न ९ मधील पेजेचे ठिकाण निवडणे अधिक समाधानाचे ठरेल. उपवासाच्या दिवशी तर बुकिंगच करू नये.

१३. मांसाहार चालतो, पण गोमांस किंवा डुकराचे मांस चालत नाही. काय सांगावे?

नुसते मांस नको म्हणून भागत नाही. त्याची चरबी, हाडांतील मगज, रस्सा आणि जिलेटिनही नको असल्यास तसे लिहावे. डेन्मार्कमध्ये डुकराचे मांस अतिशय प्रचलित आहे आणि त्याची चरबी पावाबरोबर लावायलाही देतात. रेनडियर, हरीण आणि रानपक्षी शरद ऋतूत मेनूवर असतात. तेही चालणार नसल्यास नावानिशी कळवावे. हलाल मांसाची हमी या रेस्टॉरंटांत सहसा मिळत नाही, त्यामुळे त्या वाचकांनी प्रश्न ११ मधील यादी वापरून मासे तेवढे ठेवावेत आणि स्वयंपाकातील मद्याबद्दलही वेगळे विचारावे.

१४. ऍलर्जी असल्यास सुरक्षित आहे का?

युरोपीय संघाच्या नियमांनुसार १४ ऍलर्जीकारक घटकांची माहिती देणे रेस्टॉरंटांना बंधनकारक आहे. शेंगदाणे, काजू-बदामासारखी कठीण कवचाची फळे, दूध, अंडी, मासे, ग्लूटेनयुक्त धान्ये यांच्याबरोबरच मोहरी, सेलरी आणि तीळही त्या यादीत आहेत. रानातील वनस्पती आणि कीटकांच्या बाबतीत एक विशेष खबरदारी आहे: कोळंबी-खेकड्यांची ऍलर्जी असणाऱ्यांना कीटकांचीही प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून त्यांनी दोन्हींचा उल्लेख करावा. एखादी वस्तू केवळ आवडत नसेल तर तिला ऍलर्जी म्हणू नये. त्या एका शब्दावर स्वयंपाकघरात भांडी, सुऱ्या आणि ओटा वेगळा केला जातो.

१५. आम्ही मद्य घेत नाही. वाइनऐवजी काय मिळते?

या रेस्टॉरंटांनी बिनमद्याच्या पेयांची जोडी जितक्या गांभीर्याने विकसित केली तितकी क्वचितच कोणी केली असेल. सफरचंद, काकडी, बेरी, गाजर, रानातील पाने यांचे रस, थंड चहा आणि आंबवलेली पेये प्रत्येक पदार्थानुसार बदलत येतात. त्याचे पैसे वाइनपेक्षा कमी, पण बरेच असतात. आंबवलेल्या पेयांत अल्कोहोलचा अत्यल्प अंश राहू शकतो. तोही वर्ज्य असल्यास आधी सांगावे.

१६. लहान मुलांना नेता येईल का?

तीन-चार तासांच्या मेनूसाठी नेऊ नये, आणि अनेक ठिकाणी वयाची अटही असते. स्मोरब्रोडचे दुपारचे जेवण मुलांसह उत्तम होते.

१७. नोमा बंद झाले का?

जानेवारी २०२३ मध्ये रेझेपी यांनी जाहीर केले की नेहमीचे रेस्टॉरंट म्हणून नोमा २०२४ च्या अखेरपर्यंत चालेल आणि त्यानंतर ते मुख्यतः अन्नाची प्रयोगशाळा होईल. ही मुदत पुढे वाढवली गेली, आणि मधल्या काळात क्योतो येथे काही आठवड्यांचे तात्पुरते मुक्कामही झाले. त्यामुळे प्रवास नोमाभोवती आखू नये. बुकिंग खुली असल्याचे त्यांच्या संकेतस्थळावर दिसले, तरच त्याचा विचार करावा. तिथे शिकलेल्या शेफांची रेस्टॉरंटे शहरभर आहेत.

१८. कोपनहेगनव्यतिरिक्त कुठे जावे?

ऑस्लोतील 'माएमो'ला २०१६ मध्ये, जेरानियमबरोबरच, तीन तारे मिळाले. स्टॉकहोममधील 'फ्रांत्सेन' २०१८ मध्ये तीन तारे मिळवणारे स्वीडनचे पहिले ठिकाण ठरले. रेक्याविकच्या 'डिल'ला २०१७ मध्ये आइसलँडचा पहिला तारा मिळाला. येमटलांडच्या डोंगराळ भागातील 'फेविकेन' आपल्याच मालमत्तेवरील शेती आणि शिकारीवर चालत असे, परंतु ते डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाले. अजूनही वाचक त्याबद्दल विचारतात, म्हणून हा उल्लेख.

फेरो बेटे हे सर्वांत वेगळे प्रकरण आहे. तिथे झाडे जवळजवळ नाहीत, शेती नावापुरती आहे, आणि मेंढीचे मांस फटी ठेवलेल्या लाकडी खोपटांत खारट वाऱ्यावर महिनोन् महिने टांगून आंबवतात. त्या मांसाचा वास पिकलेल्या चीजसारखा उग्र असतो. या परंपरेवर उभ्या राहिलेल्या 'कोक्स'ला २०१९ मध्ये दुसरा तारा मिळाला, आणि २०२२ व २०२३ च्या उन्हाळ्यांत ते ग्रीनलँडमधील इलिमानाक या छोट्या वस्तीत चालले. या बेटांना जायचे असल्यास प्रश्न २२ मधील शेवटचा भाग महत्त्वाचा आहे.

१९. या रेस्टॉरंटांत विनावेतन उमेदवारांकडून काम करून घेतले जाते, हे खरे आहे का?

अनेक वर्षे खरे होते. एका छोट्या ताटावर चिमट्याने पाने रचण्यासाठी जे मनुष्यबळ लागते, ते मोठ्या प्रमाणात जगभरातून शिकायला आलेल्या तरुणांनी विनामोबदला पुरवले. यावर सार्वजनिक टीका झाली आणि नोमाने ऑक्टोबर २०२२ पासून उमेदवारांना वेतन देणे सुरू केले. जाहीरनाम्यात नीतिमत्तेचा शब्द असताना ती ताटातील माशापुरती मर्यादित राहू नये, असे आम्हांला ठामपणे वाटते. पाहुणा म्हणून हा प्रश्न रेस्टॉरंटला ईमेलने विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

२०. रानात जाऊन स्वतः पाने-फळे वेचता येतात का?

स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंडमध्ये रानात हिंडण्याचा आणि बेरी-मशरूम वेचण्याचा हक्क सर्वांना आहे, पाहुण्यांनाही. डेन्मार्कमध्ये नियम अधिक मर्यादित आहेत: स्वतःच्या उपयोगापुरते वेचता येते, खासगी जंगलात मात्र वाट सोडून आत जाता येत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'व्हिल्ड माड' या उपक्रमाने कोणत्या महिन्यात काय कुठे मिळते याची माहिती लोकांना खुली करून दिली आहे. एक धोका लक्षात ठेवावा. रानलसणाची पाने लिली ऑफ द व्हॅली या विषारी वनस्पतीच्या पानांसारखी दिसतात, आणि दोन्ही एकाच सुमारास, एकाच सावलीत उगवतात. पान चुरडल्यावर लसणाचा वास आला पाहिजे. मात्र काही पाने चुरडल्यावर वास बोटांना चिकटून राहतो आणि ही परीक्षा फसते. जाणकार सोबत नसेल तर वेचू नये.

२१. भारतात असा अनुभव कुठे मिळतो?

नॉर्डिक जिनसा येथे आणून केलेले जेवण हा त्या विचाराशीच विसंवाद ठरेल. विचार मात्र इथे पोहोचला आहे. नोमात अनुभव घेतलेले प्रतीक साधू हे २०१६ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी भागात सुरू झालेल्या 'मास्क'चे पहिले शेफ होते, आणि भारतातील प्रादेशिक व रानातील जिनसांचा ठरावीक मेनू हे त्याचे वैशिष्ट्य राहिले. पुढे त्यांनी हिमाचलमध्ये कसौलीजवळ 'नार' सुरू केले. नोमात काम केलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या गरिमा अरोरा यांच्या बँकॉकमधील 'गा'ला २०१८ मध्ये मिशेलिनचा तारा मिळाला. महाराष्ट्रात पावसाळ्यात शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी आदिवासी बायका बाजारात आणतात. त्या वेचण्यातले ज्ञान कोणत्याही युरोपीय स्वयंपाकघराच्या तोडीचे आहे, आणि त्यांच्या जुडीला योग्य भाव मिळावा.

२२. व्हिसा हातात येण्यापूर्वी टेबलाचे पैसे भरावेत का? आणि एका शेंगेन व्हिसावर सगळीकडे जाता येते का?

परत न मिळणारी रक्कम व्हिसा मिळेपर्यंत भरू नये. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, परंतु काही प्रकरणांत ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. बुकिंग त्याआधी खुली होत असेल, तर टेबल दुसऱ्याच्या नावावर करता येईल का, याचे लेखी उत्तर घ्यावे, आणि ते 'होय' असेल तरच पैसे भरावेत.

डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, नॉर्वे आणि आइसलँड हे पाचही देश शेंगेन क्षेत्रात आहेत, त्यामुळे त्यांच्यात फिरताना वेगळा व्हिसा लागत नाही. फेरो बेटे आणि ग्रीनलँड मात्र डेन्मार्कच्या राज्याचा भाग असूनही शेंगेनमध्ये नाहीत. डेन्मार्कसाठी मिळालेला साधा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. अर्ज करतानाच तसे नमूद करावे लागते आणि व्हिसावर फेरो बेटे किंवा ग्रीनलँड यांचा स्पष्ट उल्लेख असावा लागतो. दोन्ही ठिकाणी जायचे असल्यास दोन्ही नावे आहेत ना, हे पासपोर्ट परत मिळताच तपासावे, आणि कोपनहेगनला पुन्हा येऊन परतीचे विमान धरायचे असल्यास एकाहून अधिक वेळा प्रवेशाचा व्हिसा मागावा.